पाळतीचे पाच तास

‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे पोलिसी वाक्य मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. परंतु ती हद्द जेव्हा दोन राष्ट्रांची सीमा असते, आणि तिच्यावरचे पहारेच उठवावयाचे ठरलेले असते, तेव्हा पोलिसांनी काय करावे? बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांनी जून १९९० मध्ये शेंगेन येथे जो अंमलबजावणीचा करार केला, त्याच्या चाळिसाव्या कलमात याचे उत्तर आहे. कायद्याची भाषा रुक्ष खरी. तरी हे कलम आम्हांस मुद्दाम वाचावेसे वाटते.

गुन्हा प्रत्यार्पणास पात्र असेल, तर संशयितावर स्वदेशात पाळत ठेवणारा अधिकारी यजमान देशाच्या परवानगीने ती सीमेपलीकडेही चालू ठेवू शकतो. खून, अपहरण, अमली पदार्थांचा व्यापार अशा नेमून दिलेल्या गुन्ह्यांत निकड असल्यास परवानगीवाचूनही पलीकडे जाता येते. मात्र सीमा ओलांडताच कळवावे लागते, आणि पाच तासांत संमती न आल्यास पाळत थांबवावी लागते. परक्या भूमीवर या अधिकाऱ्याने कुणाच्या घरात शिरावयाचे नाही, संशयिताला हटकावयाचे नाही, अटक तर नाहीच. यजमानाने मनाई केली नसेल तर शस्त्र जवळ बाळगावे, पण ते वापरावयाचे केवळ स्वसंरक्षणार्थ. प्रत्येक कारवाईचा अहवाल द्यावयाचा. बोलावल्यास जातीने हजर राहावयाचे. सत्तेला इतके अवघडून, पाहुण्यासारखे वागावयास लावणारे कायदे आमच्या पाहण्यात फार नाहीत.

हा सारा संकोच कोणासाठी? यजमान राज्यासाठी. ज्याच्यावर नजर आहे, त्याला निदान सर्व संपल्यावर तरी ते कळावे, असे या कलमात कोठेही म्हटलेले नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये युरोपीय संघाच्या परिषदेने हे कलम रुंदावले. संशयितापर्यंत पोहोचवील असे मानण्यास सबळ कारण आहे, अशा व्यक्तीवरही पाळत ठेवण्याची मुभा मिळाली. म्हणजे त्याची बहीण, त्याचा मित्र. ज्यांच्यावर कसलाही आरोप नाही अशी माणसे. आमचा आक्षेप आहे तो येथे.

पुढे पाळतीला पाय उचलण्याचीही गरज उरली नाही. २०२० साली फ्रेंच पोलिसांनी रूबे येथील सर्व्हरमार्गे ‘एन्क्रोचॅट’ या सांकेतिक संदेशसेवेच्या फोनांत प्रवेश मिळवला आणि जर्मनीतल्या फोनांवरचे संदेशही त्यांच्या हाती आले. ३० एप्रिल २०२४ रोजी संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला, की हे संदेश मध्येच टिपणेच होय. ज्या देशात फोन वापरणारा आहे त्या देशाला ते कळवलेच पाहिजे, आणि हा नियम त्या वापरणाऱ्याच्याही संरक्षणासाठी आहे. हे शेवटचे विधान आम्हांस मोलाचे वाटते. चाळिसाव्या कलमात नेमके तेच नाही.

पाळत चालू असताना सांगितले तर ती पाळत कसली, हा पोलिसांचा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. परंतु अहवाल तर लिहावा लागतोच. तपास संपल्यावर, ठरलेल्या मुदतीत, ज्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही त्याला त्या अहवालाची एक प्रत मिळावी, आणि ती रोखून धरावयाची असेल तर पोलिसांनी त्यासाठी न्यायाधीशाकडे जावे.