केंद्र तयार आहे, सांडपाणी पाठवा!

निधी नाही म्हणून नद्या घाण आहेत, ही तक्रार आता पुरे. कोविडच्या मंदीवर उतारा म्हणून केंद्र सरकारने २०२० मध्ये राज्यांना भांडवली खर्चासाठी पन्नास वर्षांची बिनव्याजी कर्जे देऊ केली, तेव्हा तरतूद १२,००० कोटींची होती. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ती दीड लाख कोटींवर गेली. अमृत २.० आणि स्वच्छ भारत २.० यांचा पैसा वेगळाच. आमच्याकडे येणाऱ्या वाचकांच्या पत्रांत मात्र भलतेच गाऱ्हाणे आहे: शुद्धीकरण केंद्राच्या टाक्या बांधल्या, ब्लोअर बसले, स्काडा सुरू झाला, पण आवकच नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालाने हेच आकड्यांत सांगितले होते. तेव्हा महाराष्ट्राच्या शहरांत ९,१०७ एमएलडी (रोज दशलक्ष लिटर) सांडपाणी तयार होत होते, शुद्धीकरणाची स्थापित क्षमता ६,८९० एमएलडी होती आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते ४,२४२ एमएलडी. म्हणजे एकीकडे क्षमता अपुरी आणि दुसरीकडे होती त्या क्षमतेतलीही तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रिकामी.

घोडे अडते ते मलवाहिनीपाशी. शुद्धीकरण केंद्राची जागा पालिकेच्या ताब्यात असते, तिथे काम झपाझप होते आणि मोजमाप पुस्तिका भरते. मलवाहिनी मात्र गल्लीबोळांतून न्यायची असते. त्या गल्लीत गेल्याच वर्षी नगरोत्थान योजनेतून काँक्रीटचा रस्ता झालेला असतो. दोषदायित्व कालावधी चालू आहे म्हणून बांधकाम विभाग खोदाईला हात लावू देत नाही. मलनिस्सारण विभागाने पत्र द्यायचे, बांधकाम विभागाने अभिप्राय मागवायचा, लेखा विभागाने रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च कोणत्या शीर्षातून भागवायचा ते विचारायचे. तिन्ही विभाग एकाच इमारतीत बसतात, एकाच आयुक्तांना किंवा मुख्याधिकाऱ्यांना उत्तर देतात आणि त्यांच्यातली फाइल महिनोन्‌महिने फिरते. दोन्ही कामे सरकारी पैशाचीच. रस्ता आधी आणि वाहिनी नंतर, हा क्रम कोणी ठरवला, असे विचारले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

त्यात वेळापत्रकाची गंमत पाहा. पावसाळ्यात खोदाई बंद. निविदा आणि वाटाघाटी यांत दिवाळी उलटते. कार्यादेश जानेवारीत मिळतो, खोदाईची परवानगी एप्रिलमध्ये, आणि मे अखेर पुन्हा खड्डे बुजवण्याची नोटीस. ३१ मार्चला खर्च दाखवायचा तर वाहिनीवर दाखवता येत नाही, मग तो यंत्रसामग्रीवर दाखवतात. यंत्रे गोदामात हमीचा काळ संपवत पडून राहतात. दिरंगाईची किंमत पाहायची तर पुण्यातील मुळा-मुठेचा, जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या साहाय्याचा प्रकल्प आठवा. जानेवारी २०१६ मध्ये ९९० कोटींना मान्यता, ११ केंद्रे, ३९६ एमएलडी. निविदांच्या घोळातून बाहेर पडून पायाभरणी झाली मार्च २०२२ मध्ये, तोवर खर्च १,४७० कोटींपलीकडे गेला होता. सुधारित प्रशासकीय मान्यतेचा (सुप्रमा) खर्च शेवटी करदात्याच्याच माथी.

वाहिन्या नाहीत म्हणून मग नाला अडवून पाणी केंद्राकडे वळवतात. पावसाळ्यात त्याचा बीओडी, म्हणजे टाकीतल्या जिवाणूंचे खाद्य, पन्नासच्याही खाली जातो, संकल्पन मात्र अडीचशेचे. जिवाणूंचा गाळ (एमएलएसएस) वाढणार कशावर? तरीही निविदेत पूर्ण भाराच्या चाचणीची अट असते. चाचणी होत नाही म्हणून अंतिम देयक आणि सुरक्षा ठेव अडकते. काम अपूर्ण म्हणून पालिकेच्या निधीचा पुढचा हप्ता अडतो. हप्ता नाही म्हणून वाहिन्यांना पैसा नाही, आणि वाहिन्या नाहीत म्हणून चाचणी नाही! हे चक्र मंत्रालयातल्या कोणालाच दिसत नसेल, यावर आमचा विश्वास नाही. उपाय सोपा आहे. हप्ता टाक्यांच्या काँक्रीटवर न देता केंद्राच्या इनलेटला मोजलेल्या प्रवाहावर द्या. खोदाईची लेखी परवानगी जोडलेली नसेल तर केंद्राच्या कामाला तांत्रिक मान्यताच देऊ नका.

पण सगळे खापर अधिकाऱ्यांवर फोडून आपली, म्हणजे या व्यवसायातल्या सल्लागार, ठेकेदार आणि अभियंत्यांची, सुटका नाही. जनगणनेचा आकडा, दरडोई १३५ लिटर, त्याचे ८० टक्के, एवढ्या गुणाकारावर डीपीआर लिहिणारे सल्लागार आपल्यातलेच आहेत. कोरड्या हंगामात नाल्यावर चोवीस तास उभे राहून प्रवाह मोजण्याचे कष्ट किती जण घेतात? अंदाजपत्रकाच्या पंचवीस टक्के खाली निविदा भरून पुढे ब्लोअर बंद ठेवून वीज वाचवणारे ठेकेदारही आपलेच. टाक्यांत साधे पाणी भरून चाचणीच्या कागदावर सही करणारे अभियंते तर नक्कीच आपले.

तेव्हा सहकाऱ्यांनो, यापुढे निविदा भरण्यापूर्वी तीन कागद मागा: मोजलेल्या प्रवाहाची नोंद, रस्ता खोदाईची लेखी परवानगी, आणि वीजबिल व गाळाच्या विल्हेवाटीसाठी पालिकेच्या अंदाजपत्रकातली तरतूद. एकही कमी असेल तर निविदापूर्व बैठकीत उभे राहून विचारा आणि प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या. एकट्याने विचारले तर तुम्हाला कटकट्या म्हणतील. दहा जणांनी विचारले तर शुद्धिपत्रक काढावे लागेल. आणि चालत नसलेल्या केंद्राच्या चाचणीवर सही करू नका. पुढे नमुना नापास झाला की कारवाईच्या नोटिशीत त्याच सहीचा हवाला दिला जातो.