जन्म ठरलेला चालेल, शेवट ठरलेला नको

व्हिडिओ गेम हा विषय आपल्या अंकात कशाला, असं काही मैत्रिणींना वाटेल. बालविवाह, पोटगी, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे हाल हे सगळं समोर असताना पोरांच्या खेळांवर पानं कशाला घालवायची? माझा उलटा प्रश्न आहे. भातुकलीवर आपण किती लिहिलं, किती बोललो! मुलीच्या हातात बोळकी आणि मुलाच्या हातात बंदूक का, पाठ्यपुस्तकातली आई कायम चुलीपाशीच का, हे आपल्याच चळवळीनं विचारलं. आता भातुकली मोबाईलमध्ये आणि संगणकात शिरली आहे. तिथे मुलीच्या वाट्याला कोणतं सोंग येतं, हे आपण विचारायचं नाही तर कुणी?

मी बोलते आहे ते रोल प्लेइंग, म्हणजे भूमिका घेऊन खेळायच्या खेळांबद्दल. राक्षस, जादू, राजे, किल्ले असं एक कल्पित जग असतं. खेळणारी व्यक्ती त्यातलं एक पात्र होते. त्या पात्रानं कुणाशी काय बोलायचं, कुणाला वाचवायचं, कुणाशी वैर धरायचं हे तिनं ठरवायचं. हा प्रकार संगणकात जन्मलेला नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा कागद, पेन्सिल आणि फाशांवर चालणारा खेळ काढला, तिथून तो सुरू झाला.

या खेळांच्या जगात एक जुना वाद आहे. एक बाजू म्हणते, नायक कोरा असावा. २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये खेळणाऱ्यानंच ठरवायचं की आपण बाई की पुरुष, कोणत्या वंशाचे, नाक कसं, रंग कोणता. दुसरी बाजू म्हणते, कोऱ्या माणसाची गोष्ट रंगत नाही. नायक लेखकानंच घडवलेला हवा. त्यांचं लाडकं उदाहरण म्हणजे पोलंडमधल्या कंपनीचा २०१५ चा 'द विचर ३'. त्यात नायक गेराल्ट. त्याचं नाव, त्याचा भूतकाळ, त्याचं पुरुष असणं, सगळं आधीच ठरलेलं. आपण फक्त त्याच्या अंगात शिरायचं.

वरवर पाहता हा लेखनकलेचा वाद दिसतो. पण तो तितका निरागस नाही. डिसेंबर २०२४ मध्ये याच मालिकेच्या चौथ्या खेळाची घोषणा झाली आणि त्यात गेराल्टच्या जागी सिरी ही तरुण स्त्री नायिका असेल असं जाहीर झालं. लगेच काही पुरुष खेळाडूंनी आरडाओरडा सुरू केला. आपल्यावर बाई लादली म्हणे! गेराल्ट लादलेला होता तेव्हा ती 'उत्तम कथा' होती. सिरी आली आणि खेळाडूच्या स्वातंत्र्याची आठवण झाली. ज्यांना जगभर आपलाच चेहरा नायक म्हणून दिसतो, त्यांना ठरलेला नायक कधी टोचत नाही. टोचतो तो दुसऱ्याचा चेहरा मिळाल्यावर. आपण मात्र जन्मभर परक्या चेहऱ्याच्या गोष्टी वाचत, पाहत आणि खेळत आलो, त्याची कुणी दखल घेतली नाही.

म्हणजे कोऱ्या पाटीची बाजू आपली का? तसंही नाही. स्वातंत्र्य देतो म्हणणाऱ्यांची लबाडीही आपण ओळखली पाहिजे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये पात्र आपणच घडवायचं. पण १९७८ साली निघालेल्या त्यांच्या नियमपुस्तकात मानवी स्त्री-पात्राच्या ताकदीला पुरुष-पात्रापेक्षा खालची कमाल मर्यादा घातलेली होती. राक्षस उडू शकतो, मेलेला माणूस मंत्रानं उठू शकतो, पण बाई पुरुषाइतकी बलवान होऊ शकत नाही! कल्पनेलाही पितृसत्तेनं घातलेला हा उंबरठा १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत निघाला.

त्याहून बोलकं उदाहरण अलीकडचं आहे. २०१८ मध्ये 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' हा प्राचीन ग्रीसमधला खेळ आला. त्यात कसांड्रा ही योद्धा स्त्री निवडता येत होती. तिनं पुरुषावर प्रेम करावं, स्त्रीवर करावं की कुणावरच करू नये, हेही खेळणारीच्या हाती होतं. पुष्कळ जणींना त्याचं अप्रूप वाटलं. मग जानेवारी २०१९ मध्ये या खेळाचा एक पुढचा भाग आला. त्यात तुम्ही आधी काहीही ठरवलेलं असो, कसांड्रानं एका पुरुषाबरोबर घर मांडायचं आणि तिला मूल व्हायचं, हे सक्तीचं होतं. कारण काय, तर वंश पुढे चालला पाहिजे! ओरड झाल्यावर कंपनीनं माफी मागितली, काही प्रसंग आणि शब्द बदलले. मूल मात्र राहिलं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट ओळखीची वाटत नाही का? शीक, बक्षिसं मिळव, सायकलवरून शाळेत जा, शिबिरात गाणी म्हण. सगळं तुझ्या मनासारखं. पण शेवटी सोयरीक जमवायची ती आम्ही, आणि वर्षाच्या आत पाळणा हललाच पाहिजे. सुरुवातीला भरपूर मोकळीक आणि शेवट मात्र आधीच लिहून ठेवलेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा सुमारे २२ टक्के होता. ऊसतोडीला उचल मिळते ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे गावात पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हीसुद्धा आईबापांची खरीखुरी भीती असते. म्हणून हंगामाआधी पोरगी उजवली जाते. या मुलींची गोष्ट कुणी आधीच लिहून ठेवली आहे, हे आम्हां कार्यकर्त्यांना रोज दिसतं.

मग आपण मुलींना काय देतो? आपण त्यांना नायिका देतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनं २०२० मध्ये 'राजी' हा खेळ काढला. श्रुती घोष या त्याच्या संस्थापकांपैकी एक. त्या वर्षीच्या जागतिक गेम पुरस्कारांत नव्या संघांच्या पहिल्या खेळांसाठीच्या विभागात त्याला नामांकनही मिळालं. कसरती करून पोट भरणारी एक पोर, राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते, दुर्गा तिची निवड करते, देवांची शस्त्रं तिच्या हाती येतात. हा खेळ लढाईचा आणि उड्या मारण्याचा आहे, निवडीचा नाही. आपल्या मातीतली मुलगी जगभरच्या पडद्यावर नायिका झाली याचा मलाही आनंद आहे. पण राजीला कुणी विचारलं का? तिला देवीनं निवडलं. तिनं काय निवडलं? भावासाठी जिवावर उदार होणारी बहीण ही भूमिका तर आपल्या घरात न खेळताही मिळते.

आणि फक्त गेमवाल्यांनाच का बोल लावायचा? तीन जानेवारीला शाळाशाळांतून नऊवारी नेसवलेल्या, मोठं कुंकू लावलेल्या छोट्या सावित्रीबाई उभ्या राहतात. त्यांना वाक्यं पाठ करून दिलेली असतात. जिजाऊ, अहिल्याबाई यांचंही तसंच. शेणगोळे झेलणारी सावित्री आपण दाखवतो, पण तिनं कोणत्या वळणावर काय ठरवलं, हे आपण मुलींना खेळून पाहू देत नाही. १८४० मध्ये नऊ वर्षांच्या सावित्रीचं लग्न झालं ते तिला विचारून नाही. १८४८ मध्ये ती पुण्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवायला उभी राहिली, ते मात्र कुणी तिच्या कपाळी लिहून ठेवलेलं नव्हतं. तयार नायिका डोक्यावर ठेवली की मुलगी तिचा भार वाहते. ती स्वतः नायिका होत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. नायक ठरलेला की कोरा, हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. जन्म कुणालाच निवडता येत नाही. जात, घर, गाव, बाईचा देह हे मिळालेलं असतं. ते नाकारून 'तू हवी ती हो' म्हणणारा खेळ खोटं बोलतो. कोऱ्या नायकाला बाप नसतो, मुकादम नसतो, डोक्यावर कर्ज नसतं, म्हणून त्याची निवड सोपी असते. अशी निवड हे सुखवस्तू माणसाचं स्वप्न आहे. ते आमच्या मुलींच्या माथी मारलं, तर ज्या मुलीला 'नाही' म्हणणं जमलं नाही ती स्वतःलाच दोष देत बसेल. खरा प्रश्न शेवटाचा आहे. जन्म ठरलेला असला तरी पुढच्या वळणांवर तिच्या निवडीनं काही फरक पडतो का? पडत असेल, तर तो खेळ आपल्या कामाचा.

असा प्रयत्न झालेलाच नाही असं नव्हे. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा २००९ चा 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' पाहा. त्यात सहा जन्मकथा आहेत, त्यांतली एक घेऊन सुरुवात करायची. एक जन्म तटबंदीत कोंडलेल्या वस्तीतल्या एल्फ मुलीचा. गोष्ट सुरू होते ती तिच्या लग्नाच्या दिवशी. लग्न वडीलधाऱ्यांनी ठरवलेलं, नवरा त्या दिवशी पहिल्यांदा दिसतो आणि सरदाराचा मुलगा वस्तीत शिरून तिच्यासह बायकांना उचलून नेतो. दुसरा जन्म जमिनीखालच्या राज्यातल्या, जातीबाहेर टाकलेल्या घरातला. त्यांच्या तोंडावर डाग दिलेला असतो. तिथे मुलाला बापाची जात मिळते आणि मुलीला आईची. म्हणून बहिणीनं एखाद्या उमरावाचा मुलगा जन्माला घालावा, म्हणजे घर वर चढेल, असा डाव असतो. मुलगी झाली तर काहीच नाही. हे वाचून ज्यांना परकं वाटेल त्यांनी एकदा आपल्या गावकुसाकडे पाहावं. पुढच्या गोष्टीत लोक तुमचा हा जन्म विसरत नाहीत, टोमणे मारतात, दारं लावतात. पण गादीवर कोण बसेल, तुम्ही मराल की जगाल, हे बरंचसं तुमच्या निर्णयांवर ठरतं. खेळात रक्तपात भरपूर आहे, त्याची भलामण मी करत नाही. पण जन्माचं ओझं खरं मानूनही शेवट मोकळा ठेवता येतो, एवढं त्यानं दाखवलं.

आणि हे कळायला कॅनडात कशाला जायला हवं? आमच्या गंगाखेडची जनाबाई. लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला राहिली असं परंपरा सांगते. शूद्र, बाई आणि दासी, असा तिहेरी ठरलेला जन्म. दळण, कांडण, झाडलोट सुटली नाही. पण त्याच जात्यावर तिनं अशी कविता रचली की सातशे वर्षांनंतरही ती बायकांच्या तोंडी आहे. मालकाच्या घरानं तिला दासीची भूमिका दिली होती, संत होण्याची नव्हे.

संगणक आमच्या मुलींपाशी नाही. त्याच पाहणीत देशात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के निघाले. घरातला फोन भावाचा असतो. म्हणून आम्ही जिंतूर आणि गंगाखेड तालुक्यांतल्या किशोरी गटांत हा खेळ कागदावर आणला. राजा-राणी-चोर-शिपाई सारखी चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीत जन्म लिहिलेला : ऊसतोड कामगाराची थोरली लेक, दहावीची परीक्षा जवळ. दुसऱ्या मुली बाप, मुकादम, आजी, बाई होतात. अडचण आली की फासा टाकायचा, पण त्याआधी काय करणार ते सांगायचं. सुरुवातीला मुली 'हो' किंवा 'नाही' एवढंच म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या डावात आजीला आपल्या बाजूला ओढतात, परीक्षेपर्यंत मुदत मागतात, वसतिगृहाचा अर्ज आधी भरून मग बापाशी बोलतात. हरतातही. पण हरल्यावर 'पुन्हा खेळू' म्हणतात. ज्या मुलीनं खेळात दहा वेळा वाटाघाट केली, तिला घरात अकराव्यांदा तोंड उघडायला शब्द सापडतात.

आता मागणीचं बोलू. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ॲनिमेशन, गेमिंग वगैरे उद्योगांसाठी ३,२६८ कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं. हा पैसा आपला आहे. त्यातून घडणाऱ्या खेळांत आणखी एक तलवारवाली देवी नको. मराठवाड्यातल्या मुलींच्या जन्मकथा त्यात याव्यात, त्या लिहिताना मुलींनाच विचारावं आणि लग्नाला, मुलाला 'नाही' म्हणण्याची वाट प्रत्येक खेळात शेवटपर्यंत खुली असावी. आपल्या संघटनांनी अशी निवेदनं आत्ताच द्यायला हवीत, खेळ तयार होऊन बाजारात आल्यावर नव्हे.

आणि तोवर? कागद आणि फासे दहा रुपयांत मिळतात. येत्या तीन जानेवारीला तुमच्या गावच्या सावित्रीला पाठ केलेलं भाषण देऊ नका. तिला चिठ्ठी उचलू द्या आणि विचारा, 'आता तू काय करशील?' मग गप्प बसून तिचं उत्तर ऐका.