‘मॅक्रो चालू करा’

सुरतेचे नाव निघाले की मराठी मनास १६६४ आणि १६७० ही साले आठवतात. त्यानंतरच्या सुरतेकडे आपले लक्ष सहसा जात नाही. वस्तुतः खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेली असंख्य मराठी कुटुंबे आज उधना, लिंबायत या भागांत स्थिरावलेली आहेत. त्यांतील पुष्कळांनी यंत्रमागावर हाडे झिजविली. काहींची मुले आता कापडबाजारातील पेढ्यांत संगणकापुढे बसून बिले करतात, खाती जुळवितात आणि कराची विवरणपत्रे भरतात. या कारकुनांच्या हाती आलेल्या एका साधनाविषयी व त्याबाबत सरकारने चालविलेल्या विसंगतीविषयी आम्हांस आज लिहावयाचे आहे.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा सुरतेच्या कापड व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवून प्रचंड मोर्चे काढले होते. कराच्या बोजापेक्षाही हिशेबाच्या जाचाची धास्ती त्यात कमी नव्हती. मोर्चे विरले, कर राहिला, आणि तो जाच कारकुनाच्या टेबलावर येऊन पडला. प्रत्येक बिलावर गिऱ्हाइकाचा पंधरा अक्षरी क्रमांक तपासावयाचा. त्याचे पहिले दोन अंक २४ असतील तर माल बहुधा गुजरातेतच राहणार, म्हणून कर केंद्र व राज्य यांत विभागावयाचा. २७ असतील तर महाराष्ट्र, ३० असतील तर गोवा, म्हणजे एकत्रित आंतरराज्य कर लावावयाचा. हेच दिवसातून शेकडो वेळा.

अशा कामासाठीच मॅक्रो असतो. कळफलकावर एकदा केलेल्या कृती संगणक नोंदवून ठेवतो, त्यांना एक नाव देतो आणि पुढे एक कळ दाबताच त्या जशाच्या तशा पुन्हा करून दाखवितो. १९८३ साली आलेल्या लोटस वन-टू-थ्री या हिशेबाच्या प्रणालीत ही सोय होती. एक्सेलमध्ये १९९३ पासून त्यासाठी स्वतंत्र आज्ञाभाषाच मिळाली. सुरतेच्या विणकराला ही कल्पना परकी वाटू नये. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जाकारने मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ चढविली. भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जाई, नसेल तेथे खालीच राही. एकदा माळ तयार झाली की तीच वेलबुट्टी हव्या तितक्या साड्यांवर उतरत असे. कारकुनाचा मॅक्रो म्हणजे अशीच एक माळ.

पण माळेत चुकीचे भोक पडले तर प्रत्येक साडीवर तीच चूक उमटते. २२ सप्टेंबर २०२५ रोजी कृत्रिम सुताचा दर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्याने आपल्या मॅक्रोत १२ हा आकडा ठोकून बसविला होता, त्याचे यंत्र दुसऱ्या दिवशीही तितक्याच इमानाने जुना कर लावीत राहणार. त्यात एक्सेलची तऱ्हा अशी की मॅक्रो चालल्यावर केलेले मागे घेण्याची सोय साधारणतः नाहीशी होते. मोठमोठ्या देशांनाही ही ठेच लागली आहे. २०२० साली इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने कोविडचे अहवाल आपोआप जुन्या पद्धतीच्या एक्सेल तक्त्यात भरण्याची व्यवस्था केली होती. त्या तक्त्यात ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहीत. परिणामी १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर झालीच नाही, आणि कोणास त्याचा पत्ताही लागला नाही. पेढीतील मॅक्रो ज्याने लिहिला तो नोकरी सोडून गेला की आत काय आहे हे सांगणारा कोणी उरत नाही. मालकांनी त्याची लेखी टिपणे करवून घ्यावीत. ताळेबंदाइतकीच ती मोलाची आहेत.

हे झाले घरचे. दुसरा धोका बाहेरून येतो. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ नावाचा उपद्रव वर्डच्या एका दस्तऐवजात मॅक्रोच्या रूपाने दडून जगभरच्या टपालयंत्रणा ठप्प करून गेला. तेव्हापासून अनोळखी फाइलमधील मॅक्रो चालू करू नका, हा उपदेश सर्वत्र केला जातो. आपल्या सरकारची सर्ट-इन ही संस्थाही तेच सांगते. २०२२ पासून तर मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच रोखून धरण्यास प्रारंभ केला.

आणि कर खाती काय सांगतात? आयकराची एक्सेलमधील विवरणपत्रे, तसेच जीएसटीच्या ३बी व ९ या विवरणपत्रांची ऑफलाइन साधने उतरवून घ्या, उघडा आणि ‘मॅक्रो चालू करा’! एक खाते दार बंद ठेवावयास सांगते, दुसरे ते सताड उघडावयास लावते. पोर्टलवर थेट भरण्याची सोय आहे हे खरे. परंतु आकडे आधी निवांतपणे जुळवून पाहू इच्छिणारे अनेकजण या साधनांकडेच वळतात. लाल पट्टी दिसली की ती दूर करावयाची, ही सवय सरकारी फाइलीवर एकदा जडली की व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या बनावट ‘नोटिसी’च्या वेळीही बोट तसेच वळणार. मग पेढीचे सारे हिशेब कुलूपबंद होऊन खंडणीची मागणी आली, तर दोष त्या बिचाऱ्या कारकुनाच्या माथी मारला जाईल. शिवाय ही साधने वापरण्यास विकतचे एक्सेलच लागते. कर भरण्यासाठी एका परदेशी कंपनीचे गिऱ्हाईक होण्याची सक्ती का, याचेही उत्तर मिळावयास हवे.

मॅक्रोविना चालणारी, कोणत्याही संगणकावर उघडणारी साधने तयार करणे आपल्या अभियंत्यांना अवघड नाही. जीएसटीच्या विक्री-विवरणासाठी स्वतंत्र ऑफलाइन प्रणाली आहेच. तोच मार्ग उर्वरित विवरणपत्रांसाठी अवलंबावा. ते होईतोवर फाइल खरोखर सरकारी आहे हे कसे ओळखावे, याच्या सूचना पहिल्याच पानावर द्याव्यात, आणि त्या मराठी-गुजरातीतही असाव्यात. एक्सेलच्या मॅक्रो लिहिण्याच्या खिडकीत आजही देवनागरी वा गुजराती अक्षर टंकले की त्याचे प्रश्नचिन्ह होते. निदान सूचनांच्या पानावर तरी तशी अडचण नाही.