उसना संबळ

माहूरच्या रेणुकेच्या गोंधळांतला संबळ आतां संगणकांतच मिळतो, तेव्हां नांदेड-लातूरकडे गोंधळ्यांस बोलावण्याचें कारण उरलें नाहीं, असें म्हणणारे आहेत. आघात खऱ्या संबळाचाच मुद्रित केलेला आहे, हें त्यांचें प्रमाण. तें आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

अक्षर शुद्ध उमटलें म्हणून ओवी होत नाहीं. संबळ म्हणजे जोडीनें बांधलेलीं दोन चर्मवाद्यें आणि दोन काठ्या. एका आघाताचा कंप विरण्यापूर्वींच दुसरा त्यावर पडतो, व त्या संगमांतून नाद घडतो. एकच मुद्रित आघात पुनःपुन्हा वाजविला कीं तो निर्जीव होतो. वास्तविक १९८३ च्या मिडी-संकेतांत आघाताचा जोर ० ते १२७ आंकड्यांनीं लिहितां येतो; एकाच जोराचे निरनिराळे आघात आळीपाळीनें वाजविण्याचीही सोय आहे. सारे आघात १२७ वर ठेवून देणें हा यंत्राचा दोष नव्हे, आळशी कानाचा होय.

आम्ही यंत्राचे वैरी नाहीं. आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीवर घातलेली बंदी १९७१ सालीं शिथिल करावी लागली. वादकांनीं पेटीचें सोनें केलें होतें. तशी बंदी आम्ही मागत नाहीं. जोर कोठें वाढवावा, कोठें आवरावा, हें ज्याच्या मनगटास ठाऊक, त्या गोंधळ्यास संगणकाशेजारीं गुरु म्हणून बसवावें व गुरूचें वेतन द्यावें, इतकेंच मागतों. त्याचा हात उसना घ्यावयाचा आणि त्यालाच घरीं बसवावयाचें, यास प्रगति म्हणत नाहींत.