बाळंतविड्यातील जिन्नस

मूल जन्माला येण्यापूर्वी त्याच्यासाठी नवी वस्तू घरात आणू नये, असा संकेत आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळला. आणि त्याला अंधश्रद्धा म्हणून हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, ज्या काळी जन्मलेले मूल वर्षाच्या आत दगावणे ही घरोघरची गोष्ट होती, त्या काळी रिकाम्या पाळण्याकडे पाहत बसण्याचे दुःख टाळण्याचा तो एक शहाणा उपाय होता. आज ते भय पुष्कळ ओसरले आहे. २०२०च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा अर्भकमृत्युदर हजार जन्मांमागे १६ इतका खाली आलेला दिसतो. भय गेले हे उत्तमच झाले. परंतु त्याने रिकामी केलेली जागा बाजाराने बळकावली, आणि पूर्वी ज्या घरात सातव्या महिन्यातही झबले शिवले जात नसे, त्याच घरात आता तिसऱ्या महिन्यापासून बाबागाडी, बाटल्या निर्जंतुक करण्याचे यंत्र, ओल्या पुसण्या कोमट ठेवणारी पेटी आणि चालणे शिकवण्याचा गाडा अशी फेहरिस्त भिंतीवर लागते. यांतील शेवटचा जिन्नस, म्हणजे ज्याला आपण वॉकर म्हणतो तो, कॅनडाने २००४ साली अपघातांच्या कारणास्तव विक्रीतूनच हद्दपार केला. आपल्याकडे तो अजूनही मामाच्या आहेरात मानाने येतो.

ही फेहरिस्त कितपत खरी आहे हे पाहायचे असेल, तर पुण्यातील येरवड्यासारखी दुसरी जागा नाही. येथील माहिती-तंत्रज्ञानाच्या काचबंद इमारतींपासून नेताजीनगर, मदर तेरेसानगर किंवा शीला साळवेनगर या वस्त्या फार दूर नाहीत. या वस्त्यांत महिला मिलन या संघटनेच्या बायकांनी पुढाकार घेऊन, केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेखाली, जुन्या जागीच सुमारे २७० चौरस फुटांची पक्की घरे उभी केली. अशा घरात लाकडी पाळण्याचा सरंजाम मांडायचा, तर माणसांना बाहेर झोपावे लागेल. तेथे छताच्या कडीला जुन्या लुगड्याची झोळी बांधतात, आणि त्याच लुगड्याच्या उरलेल्या पदरातून दुपटी व लंगोट निघतात. शेकडो धुण्यांनी मऊ झालेले सुती कापड ओल शोषते, तान्ह्याच्या कातडीला टोचत नाही आणि उकळत्या पाण्यात निर्धास्त टाकता येते. सबब त्याला गरिबीची तडजोड समजणे हा निव्वळ अज्ञानाचा भाग आहे. अर्थात, आषाढात दोरीवरचे लंगोट दोन दोन दिवस वाळत नाहीत आणि नळाला पाणी थोडाच वेळ असते, तेव्हा रात्रीपुरता विकतचा डायपर वापरणाऱ्या बाईला आळशी म्हणण्याचा अधिकार, ज्यांनी आयुष्यात एकही लंगोट धुतला नाही अशा आम्हा पुरुषांना तरी खचित नाही.

मात्र जुने ते सारे सोने, अशीही माझी भूमिका नाही. माहेरहून येणाऱ्या बाळंतविड्यातील अळिवाचे आणि डिंकाचे लाडू बाळंतिणीने आनंदाने खावेत; कुंची, टोपडे आणि पायमोजे यांची तर थंडीच्या दिवसांत नितांत आवश्यकता आहे. परंतु डोळ्यांत घालायचे काजळ, कोंडलेल्या खोलीतील धुरी, नाळेवर लावायची हळद किंवा राख, जन्मतःच चाटवायचा मध आणि पहिल्या आठवड्यापासून उगाळली जाणारी घुटी, हे जिन्नस त्या विड्यातून निक्षून वगळले पाहिजेत. पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून बाळाला पाणीसुद्धा लागत नाही, आणि पहिल्या दिवसांतले पिवळसर चीकदूध, जे अनेक घरांत अजूनही पिळून टाकले जाते, तेच त्याचे आद्य संरक्षण होय. दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात आपल्या देशात १९९२च्या कायद्याने निषिद्ध आहे, ही गोष्ट किती आजी-आजोबांना ठाऊक असेल?

मग अत्यावश्यक ते काय? याचे उत्तर कोणत्याही दुकानापेक्षा गडचिरोलीने अधिक चोख दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तेथील खेड्यांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून तयार केले. त्यांच्याजवळ तापमापक, वजनाचा काटा, बाळाला ऊब देणारी पिशवी, श्वास कोंडलेल्या बाळासाठी हवा देण्याचे साधे साधन आणि थोडी औषधे, इतकाच संच असे. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, तेव्हा नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे जगाला कळले. ऊब, स्वच्छता, स्तनपान आणि संकट वेळीच ओळखणारी डोळस बाई: एवढ्या सामग्रीने हे घडले.

जी गरज पेढीवर विकत मिळत नाही, ती म्हणजे आईची फुरसत. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-साहाय्याच्या विधेयकाचा पुरस्कार करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, प्रसूतीच्या आगेमागे स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असून त्याचा भार बव्हंशी सरकारने उचलावा, असे प्रतिपादन केले होते, आणि पुढील वर्षी तो कायदा झाला. आज २०१७च्या दुरुस्तीनंतर काचेच्या इमारतीतील अभियंता स्त्रीला सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. तिच्या घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला मात्र महिना भरण्यापूर्वीच कामावर परतावे लागते, आणि मग बाटली, साखरपाणी व थोरल्या बहिणीची कडेवरची पाळी आपोआप सुरू होते.

दुसरी गरज कागदाची. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावयाची असते, आणि त्या दाखल्यावाचून पुढे शाळेपासून शिधापत्रिकेपर्यंत प्रत्येक दप्तरात अडवणूक होते. येरवड्याच्या महिला कारागृहात बंदी मातांसोबत सहा वर्षांपर्यंतची मुले राहू शकतात. त्यांच्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली असा दंडक घातला की, तुरुंगात जन्म झाला तरी दाखल्यावर तुरुंगाचे नाव येता कामा नये, केवळ परिसराचा पत्ता यावा. नवजात जीवाला काय लागते याचा इतका सुजाण विचार फार थोड्या हुकुमांत आढळतो.

राज्य शासनाने २०१९ साली सरकारी दवाखान्यांत प्रसूत होणाऱ्या मातांसाठी सुमारे दोन हजार रुपये किमतीचा बाळसंच देण्याची योजना आणली, तिचा हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु शाम्पू आणि खुळखुळा यांसारखे जिन्नस तीत शिरले, आणि लाभ पहिल्या अपत्यापुरताच ठेवला गेला, जणू दुसऱ्या बाळाला थंडी वाजतच नाही. फिनलंडने १९३८पासून गरीब मातांना आणि १९४९पासून सर्वांना बाळाच्या कपड्यांची पेटी दिली, ती मात्र एका अटीवर: गर्भारपणाचा चौथा महिना संपण्यापूर्वी आईने तपासणी करून घेतलेली असली पाहिजे. त्या पुठ्ठ्याच्या पेटीतच गादी असे आणि बाळ तीतच निजे. त्या अटीत योजनेचे सारे मर्म आहे, कारण वेळीच झालेली तपासणी पेटीतील कोणत्याही वस्तूहून मोलाची ठरते.

पुणे महानगरपालिकेने हाच धडा आपल्या येरवड्यातील राजीव गांधी रुग्णालयापासून गिरवावा. वेळेवर नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक मातेच्या हाती, अपत्य कितवे हे न विचारता, सुती दुपटी, टोपडे, पायमोजे, घोंगडी, मच्छरदाणी आणि तापमापक एवढाच बाळंतविडा द्यावा; जन्मतः द्यावयाच्या लसी आणि जन्मदाखल्याचा अर्ज हे दोन्ही उपचार घरी पाठवणीपूर्वी पुरे करावेत. आणि ज्यांच्या घरी गर्भार बाई कामाला येते, त्या वाचकांनी महापालिकेची वाट न पाहता तिला निदान तीन महिन्यांची रजा पगारासह आजच कबूल करावी.