आकडा, अफवा आणि आपली वस्ती



मुंबईच्या पूर्व उपनगरांत कुर्ल्यापासून विक्रोळीपर्यंत आणि चेंबूरपासून गोवंडीपर्यंत आपल्या समाजाची सहस्रावधी कुटुंबे राहतात. या वस्त्यांविषयी बाहेर एक वाक्य सर्रास ऐकू येते : ‘तो भाग बरा नाही.’ नोकरीच्या मुलाखतीत पत्ता सांगताना आपला मुलगा त्यामुळेच अडखळतो. दुसरीकडे, रात्रीच्या गाडीने परतणाऱ्या मुलीची वाट पाहत वस्तीतील आई उंबऱ्यात उभी असते, हेही नाकारता येत नाही. बदनामी खरी आहे आणि भीतीही खरी आहे. म्हणून या प्रश्नाचा विचार रागाने वा लाजेने न करता विवेकाने केला पाहिजे.

प्रथम आकड्याचे पाहू. गुन्ह्यांचे प्रमाण म्हणजे दर १ लाख लोकसंख्येमागे नोंदले गेलेले गुन्हे. यातील ‘नोंदले गेलेले’ हे शब्द आपण नीट ध्यानात घ्यावेत. घडलेला प्रत्येक गुन्हा त्यात येत नाही. पोलिसांच्या दप्तरी चढलेला तेवढाच येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०१९ साली देशातील हे प्रमाण ३८५.५ होते, २०२० साली ते ४८७.८ झाले. एका वर्षात देश एवढा दुर्वृत्त झाला काय? मुळीच नाही. ते टाळेबंदीचे वर्ष होते. सरकारी आदेश मोडल्याचे गुन्हे २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर गेले, आणि चोऱ्या मात्र त्याच वर्षी घटल्या. आकडा खोटा नव्हता; त्याचा अर्थ लावणाऱ्याची घाई खोटी होती.

आणखी असे की, एकाच फिर्यादीत अनेक अपराध असले तरी त्यांतील सर्वांत गंभीर तेवढा एकच या गणनेत धरला जातो. शिवाय या अहवालात मुंबई हे एकच शहर म्हणून मोजले जाते. अमुक नगर वा तमुक चाळ यांचा निराळा आकडा त्यात नसतो. स्थानकाच्या फलाटावर खिसा कापला गेला तर तो गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे जातो. स्थानकाबाहेरच्या बाजारात कापला गेला तर स्थानिक ठाण्याकडे. त्या बाजारातून रोज लाखो परके लोक जातात, आणि डाग मात्र शेजारच्या वस्तीच्या नावावर पडतो. तेव्हा ‘या वस्तीत गुन्हे फार’ असे कोणी म्हणाला, तर हा आकडा कोठून आणला, असे त्यास शांतपणे विचारावे.

सबंध समूहास गुन्हेगार ठरविण्याची ही खोड या देशात नवी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच अपराधी मानले, आणि तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. कायदा गेला, पण जातीच्या जागी पत्ता ठेवून तीच वृत्ती आजही वावरते. वकिलीच्या व्यवसायात मी असे तरुण पाहिले आहेत की ज्यांच्याविरुद्ध त्यांच्या पत्त्याखेरीज दुसरा पुरावा नव्हता. अशा वेळी संविधानाचा २२ वा अनुच्छेद आठवावा. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी तो संविधान सभेत मांडला. अटकेचे कारण सांगितले पाहिजे, वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे त्याचे सार होय.

परंतु बदनामीचे खंडन केले म्हणजे सुरक्षितता आली, असे नव्हे. बंधुभगिनींनो, आपल्याच घरी चोरी झाली, आपल्याच मुलीची छेड काढली गेली, तर आपण काय करतो? ‘कशाला ठाण्याची पायरी चढायची’ असे म्हणून गप्प बसतो. चढलोच तर चोरीला गेलेली वस्तू ‘गहाळ’ म्हणून लिहून मिळते आणि तो कागद घेऊन आपण परततो. त्यामुळे आकडा लहान राहतो, आणि गस्त व मनुष्यबळ मागताना आपल्या हाती काहीच उरत नाही. न नोंदलेला अन्याय शासनाच्या लेखी घडलेलाच नसतो.

म्हणून कायदा जाणून घ्या. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की ती नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी २०१३ साली ललिताकुमारी प्रकरणात दिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो, खबर कोठेही देता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. तीन ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा पोलिसांस आहे; तेवढी सबब ते सांगू शकतात, त्याहून अधिक नाही. ठाण्याने नकार दिल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे टपालाने लेखी तक्रार पाठवावी, आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्याकडे जावे.

अत्याचार जातीवरून झाला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. धम्मदीक्षा घेतल्याने त्याचे संरक्षण जाते, हा भ्रम मनातून काढून टाका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांसही अनुसूचित जातींत स्थान मिळाले आहे. मात्र जातीचा दाखला घरात तयार हवा.

उरते ते आपले स्वतःचे कर्तव्य. बंद पडलेला रस्त्यावरचा दिवा, कडी तुटलेले सार्वजनिक शौचालय, निर्मनुष्य पायवाट, यांचा त्रास प्रथम स्त्रियांनाच होतो. म्हणून तक्रारीचा अर्ज स्त्रियांनी लिहावा आणि पुरुषांनी त्यावर सह्या कराव्या. संशयिताला जमावाने मारणे हा न्याय नव्हे. पत्त्यावरून आपल्या मुलांस दोषी धरलेले आपणांस खपत नाही, तर चेहऱ्यावरून परक्यास दोषी धरण्याचा अधिकार आपणांस कोठून आला? आणि आपल्याच गल्लीतील दांडगाईस ‘आपला पोरगा’ म्हणून पाठीशी घालणे, हा तर शेजारच्या मुलीशी केलेला द्रोह होय.

पुढील पंधरवड्यात प्रत्येक वस्तीने एक वही घालावी. घडलेली प्रत्येक घटना, तिची तारीख, वेळ, जागा आणि ठाण्यात मिळालेले उत्तर त्या वहीत लिहावे. दुसऱ्यांनी सांगितलेल्या आकड्यास भिण्यापेक्षा आपला आकडा आपण ठेवावा, आणि तो घेऊन ठाण्यात व महानगरपालिकेच्या कचेरीत ताठ मानेने जावे.