शरणपूरच्या फलकावर कोणाची नावं लिहाल?

शरणपूरच्या जुन्या चर्च-परिसराची आणि नाशिकच्या वारशाची देखभाल ज्यांच्या हाती आहे, त्या सर्वांस,



नाशिकचा वारसा म्हटलं की आपण रामकुंड, काळाराम आणि पांडवलेणी इथपर्यंत येऊन थांबतो. शरणपूर रोडच्या वाट्याला बँका, दवाखाने आणि सिग्नल. या रस्त्याचं नाव ज्या वस्तीवरून पडलं, तिथून दीडशे वर्षांपूर्वी लोहारकाम, सुतारकाम शिकलेली आफ्रिकन माणसं मोंबासाला गेली, हे आमच्या सातपूरच्या कारखान्यांतल्या पोरांना कुणी सांगितलेलं नसतं. तिथे फलक लावून तुम्ही ते सांगू शकता, म्हणून हे पत्र.

१८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी शरणपूर वसवलं. अरबी समुद्रात गुलामांची ने-आण करणारी गलबतं इंग्रजी आरमार पकडायचं आणि त्यांतली माणसं मुंबईला उतरवायचं. त्यांतली बरीच मुलं शरणपूरला आली. जीव वाचला, अन्न आणि कसब मिळालं. घरचं नाव मात्र गेलं, नवं ख्रिस्ती नाव लागलं. धर्म कोणता हवा, हे एवढ्याशा पोरांना कोण विचारणार? हेही लिहा, गाळू नका.

१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन नाशिकला आले आणि इथली काही मुलं सोबत घेऊन आफ्रिकेत गेले. नंतर त्यांना जाऊन मिळालेला जेकब वेनराइटही इथलाच. मे १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारले तेव्हा दफनविधीची प्रार्थना त्यानेच वाचली आणि झाडावर अक्षरंही त्यानेच कोरली. पुढच्या वर्षी १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता. ही गोष्ट सांगायला सोपी, कारण तिच्यात एक प्रसिद्ध गोरा माणूस आहे. फलक तेवढ्यावरच संपेल, अशी मला भीती वाटते.

मोठं काम झालं ते मोंबासाला. १८७३ च्या करारानंतर झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला, पण किनाऱ्यावर गुलाम बाळगणं कायदेशीरच राहिलं. अशा तापलेल्या मुलखात १८७५ मध्ये प्राइस यांनी फ्रीरटाऊन वसवलं. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं हे नाव. तिथे शिक्षक, लोहार, उपदेशक म्हणून उभे राहिले ते इकडूनच गेलेले आफ्रिकन. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. मळ्यांतून पळालेले गुलाम जवळच्या रबईत आसऱ्याला येऊ लागले, तसे मालक खवळले. वस्तीवर हल्ला होईल ही धास्ती कायमची. पळून आलेल्यांना ठेवून घेऊ नका, असा वरून दबाव होता आणि गोरे मिशनरी कचरत होते. रबईत जॉर्ज डेव्हिड आणि विल्यम जोन्स यांनी मात्र माणसं राहू दिली. दोघेही नाशिकला शिकलेले. जोन्स तर मूळचा लोहार. १८८५ मध्ये तो दीक्षित पाळक झाला. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन यांच्या काफिल्याबरोबर तो निघाला. पुढे गेलेल्या बिशपांचा बुसोगात खून झाला आणि मागे ठेवलेला काफिला जोन्सने परत आणला.

१८८८ च्या अखेरीस रबईत पळून आलेल्या गुलामांचं प्रकरण हातघाईवर आलं. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना भरपाई मोजली आणि १ जानेवारी १८८९ ला सुमारे १४०० जणांना मुक्तीचे कागद मिळाले. त्यांना आधी आसरा कुणी दिला होता, हे भरपाईच्या हिशेबात कसं दिसणार? आणि दुसरी बाजूही आहे: फ्रीरटाऊनचा गोरा अधीक्षक रहिवाशांना फटक्यांची शिक्षा देतो, हे १८८१ मध्ये उघड झालं होतं.

आज मिशनरी म्हटलं की आपल्याकडे दोनच सूर लागतात, एक आरतीचा आणि दुसरा आरोपपत्राचा. दोन्हींत ही मुलं कुठे बसत नाहीत. ती मिशनच्या पदराखाली वाढली आणि वेळ आली तेव्हा मिशनच्या पुढे एक पाऊल गेली. फलक लावाल तेव्हा तो त्यांचा असू द्या, मराठीत असू द्या. प्राइस आणि लिव्हिंगस्टन खालच्या ओळीत चालतील.

तुमच्याकडे बाप्तिस्म्याच्या, शाळेच्या ज्या नोंदवह्या उरल्या असतील त्या स्कॅन करून खुल्या करा. सोसायटीची कागदपत्रं बर्मिंगहॅम विद्यापीठात जपलेली आहेत. तिथे एक पत्र पाठवायला फार खटपट नाही. मोंबासात फ्रीरटाऊनची घंटा अजून उभी आहे, तिथल्या मंडळींशीही बोला.

खर्चाची अडचण सांगू नका. पत्रा कापायला आणि अक्षरं कोरायला सातपुरात हवी तेवढी माणसं मिळतील, आयटीआयची पोरंही हौसेने करतील. नावांची यादी तेवढी तुम्ही द्या.

आपला,
सातपूरचा एक रहिवासी